लांब तारेतला आवाज

हावडा-दिल्ली लोहमार्ग 1976 साली संपूर्णपणे विजेवर आला. त्या मार्गावरील गाझियाबाद स्थानकात रुळांच्या वर 25,000 व्होल्ट दाबाची तार असते. तिच्या सान्निध्यातून निवेदकाचा शब्द शेकडो मीटर न्यायचा, तर त्यात 50 आवर्तनांची घरघर मिसळू पाहणारच. आणि फलाटाचा आकडा ऐकू आला नाही, तर प्रवाशाची गाडी चुकते.

उपाय जुना आहे : एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा. घरघर दोहोंत सारखीच शिरते. शेवटचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा घेते. परंतु दोन्ही तारांवर परस्परविरुद्ध संकेत सोडला की समतोल साधला, हा तंत्रज्ञांतही रूढ असलेला समज खरा नव्हे. समतोल असतो तो रोधाचा. म्हणून प्रत्येक तारेच्या मुळाशी तंतोतंत सारखा, सुमारे 50 ओहमचा रोध बसवितात. तारेच्या धारितेमुळे प्रवर्धक स्वतःच कंप पावू लागतो, तेही त्याने टळते.

ही धारिता मीटरला 100 पिकोफॅरड धरली, तर 300 मीटरला 30,000 होते. टेलिफोनच्या परंपरेतला 600 ओहमचा उगम तेथे ठेवला, तर 9,000 आवर्तनांच्या सुमारास सूर झडू लागतात, ‘स’ची धार बोथट होते. दोन्ही तारांचे मिळून 100 ओहम असले, की ती मर्यादा 50,000च्या पलीकडे जाते. एक टक्का अचूकतेचे म्हणून विकले जाणारे रोधही मोजून, जोड्या जुळवूनच घ्यावेत.