तारेवरून सरकणारा सूर

बेंगळूरच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूर नावाचे एक विस्तीर्ण तळे आहे. त्याच्या काठचे खेडे एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाहता पाहता शहरात विरून गेले, आणि संगणकाच्या व्यवसायामागून देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे तेथे येऊन राहिली. पुण्या-नागपुराकडची मराठी घरेही त्यांत आहेत. अशा एखाद्या घरातील तरुणाने हौसेने रेझोनेटर गिटार आणावी, ती मांडीवर आडवी घ्यावी, पोलादाची कांडी तारांवर टेकवावी, आणि ध्वनिमुद्रिकेत ऐकलेला तो सलग, नितळ स्वर आपल्याही हातून निघेल अशी अपेक्षा करावी, तर पहिल्या दिवशी त्याच्या वाट्याला काय येते? खरखर, किणकिण, पडद्यावर कांडी आदळल्याचा टणत्कार, आणि मूळ स्वराच्या पाठीमागून कोठून तरी उमटणारा दुसराच एक चोरटा स्वर. मग तो तारा बदलतो. पोलादाच्या जागी काच आणतो, काचेच्या जागी पितळ आणतो. चोरटा स्वर जात नाही. शेजारी मात्र बदली मागू लागतात.

दोष तारांचा, हाताचा की वाद्याचा, हे ठरविण्यापूर्वी हे वाद्य मुळात कशासाठी निर्माण झाले ते पाहिले पाहिजे. गिटार आडवी ठेवून तिच्या तारांवर पोलाद सरकवीत वाजविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांत रूढ झाली. तिचे श्रेय जोसेफ केकुकु ह्या वादकाला दिले जाते. ती अमेरिकेत पोहोचली आणि लोकप्रिय झाली. परंतु तुताऱ्या आणि ढोल यांच्या गर्दीत लाकडी गिटारचा आवाज कोणास ऐकूच येईना. तेव्हा जॉर्ज बीचम ह्या वादकाच्या प्रेरणेने, स्लोव्हाकियातून कॅलिफोर्नियात येऊन स्थायिक झालेल्या जॉन डोपेरा ह्या कारागिराने गिटारच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे शंकू बसविले. घोडीचा कंप लाकडी तबकडीऐवजी ह्या शंकूंना मिळू लागला. १९२७ साली हे वाद्य विक्रीसाठी तयार होऊ लागले. पुढे चार-पाच वर्षांतच विजेवर चालणारी गिटार निघाली आणि मोठ्या आवाजाची मूळ गरज संपली. पण कानांना एकदा आवडलेला तो धातूचा नाद काही गेला नाही.

म्हणजे रेझोनेटर गिटार ही मोठ्या आवाजासाठी जन्मली, निर्मळ आवाजासाठी नव्हे. पातळ शंकूला निवड करता येत नाही. हलक्याशा कंपानेही तो जागा होतो. तारेचा स्वर तो जितक्या तत्परतेने मोठा करतो, तितक्याच तत्परतेने तारेवरची खरखर, घोडीच्या खाचेत नीट न बसलेल्या तारेची कुरकुर आणि झाकणाच्या सैल स्क्रूची थरथरही मोठी करतो. वाद्य नवे असो वा जुने, स्क्रू आणि खाचा आधी तपासाव्या हे उत्तम. पण एवढे केल्यावरही तो चोरटा स्वर शिल्लक उरतो, आणि त्याचे कारण वाद्याच्या पोटात नसून कांडीच्या मागे आहे.

ह्या कांडीला विचित्र वीणेचे वादक बट्टा म्हणतात. तोच शब्द येथे सोयीचा आहे. बट्टा तारेवर ठेवला की तारेचे दोन तुकडे होतात. घोडीकडचा तुकडा छेडला जातो आणि तो ऐकावयाचा असतो. खुंट्यांकडचा तुकडा कोणी छेडीत नाही, तरी बट्ट्यातून झिरपणाऱ्या कंपाने तोही थरथरतो. मोकळी तार षड्जाची धरली, तर पंचमावर बट्टा असताना पुढचा तुकडा तारेच्या दोनतृतीयांश आणि मागचा एकतृतीयांश असतो. मागचा बरोबर निम्मा, म्हणून त्याचा स्वर पुढच्याच्या वरच्या सप्तकात जाऊन मिळतो आणि कान फसतो. शुद्ध निषादावर मात्र पंधरा भागांपैकी आठ पुढे आणि सात मागे अशी वाटणी होते. तेथे दोन जवळजवळचे पण न जुळणारे स्वर एकमेकांशी भांडू लागतात. याहून चमत्कारिक प्रकार मींडेत घडतो. बट्टा घोडीकडे सरकला की पुढचा तुकडा आखूड होऊन स्वर चढतो. त्याच क्षणी मागचा तुकडा लांब होऊन त्याचा स्वर उतरतो. एक मींड वर जाते आणि तिची सावली खाली जाते. नवशिक्याला जो घाणेरडेपणा जाणवतो पण ज्याचे नाव सांगता येत नाही, तो पुष्कळदा हाच असतो.

ह्यावर उपाय साधा आहे आणि त्याला तारा बदलण्याची गरज नाही. अंगठा आणि मधले बोट यांनी बट्टा धरावयाचा, तर्जनी त्याच्या पाठीवर ठेवावयाची, आणि अनामिका व करंगळी ही दोन बोटे बट्ट्यामागे तारांवर अलगद टेकवून त्याच्याबरोबर ओढत न्यावयाची. ती मागच्या तुकड्याला बोलू देत नाहीत. उजव्या हातालाही असेच दुहेरी काम असते: नखीने एक तार छेडावयाची आणि तळव्याच्या कडेने किंवा मोकळ्या बोटांनी बाकीच्या तारा गप्प ठेवावयाच्या. पाहणाऱ्याला बट्ट्याची ऐटदार सरक दिसते. ज्या बोटांवर स्वराची स्वच्छता अवलंबून असते, ती काही न करता नुसती पडून आहेत असे वाटते.

बट्ट्याच्या वजनाचीही गोष्ट अशीच आहे. बट्टा जड असेल तर तारेचा कंप त्याच्यावर आपटून परत फिरतो. हलका असेल तर तो स्वतःच हलू लागतो आणि कंप मागे झिरपू देतो. म्हणून मांडीवर वाजविणारे भरीव पोलाद पसंत करतात. परंतु जड बट्टा म्हणजे जोराचा दाब नव्हे. दाबला की तार खाली वाकते, ताण वाढून स्वर चढतो आणि खालचा पडदा खणखणतो. बट्ट्याचे स्वतःचे वजन बहुधा पुरेसे असते. हाताने त्याला फक्त वाट दाखवावी. ह्याच कारणाने मांडीवरच्या गिटारला तारा पडद्यांपासून चांगल्या उंच ठेवतात आणि त्या नेहमीच्या गिटारहून जाड घेतात; बारीक तार बट्ट्याखाली लोळते. वेटोळ्याच्या जाड तारांवर वेगाने सरकताना होणारी करकर पूर्णपणे जात नाही. तेथे मींड संथ घ्यावी, आणि लांब मींड शक्यतो गुळगुळीत तारेवर घ्यावी. घामाने गंजलेली तार काढून टाकावी, हे सांगावयास नको.

हवाई बेटांचे नाव वर आले, तरी तारेवर काहीतरी सरकवून स्वर काढण्याची कल्पना ह्या भूमीला परकी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास, सिंघणाच्या काळी, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तिला पडदे नाहीत. डाव्या हातातील कम्रिका नावाची बांबूची कांडी तारेवरून फिरवून स्वर काढावयाचे. म्हणजे आजच्या दौलताबादच्या परिसरात, सुमारे आठशे वर्षांपूर्वी, बट्टा शास्त्रग्रंथात जाऊन बसला होता.

त्याचे पुढचे मोठे पर्व मराठी माणसानेच घडविले, पण महाराष्ट्राबाहेर. भोसल्यांचे तंजावरचे राज्य १८५५ साली संपुष्टात आले, तरी तेथे रुजलेली मराठी घराणी आणि त्यांची संगीताची आवड टिकून राहिली. त्यांपैकी श्रीनिवासराव यांनी तंबोऱ्यावर सरकते साधन चालवून प्रयोग केले असे सांगितले जाते. त्यांचे पुत्र, तिरुविडैमरुदूरचे सखारामराव, यांनी गोट्टुवाद्यम् मैफलीत प्रतिष्ठेला पोहोचविले. कर्नाटक संगीतातील थोर गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनी लहानपणी ह्याच सखारामरावांजवळ शिक्षण घेतले, ही गोष्ट लक्षणीय आहे. बट्ट्याचा वादक गवय्याचा गुरू होऊ शकतो, कारण त्याच्या हाताला पडदे नसतात. गळ्याप्रमाणेच त्याला स्वर आधी मनात ऐकावा लागतो. पुढे हे वाद्य म्हैसूरच्या दरबारात नारायण अय्यंगार यांच्या हाती आले. बेळ्ळंदूरहून म्हैसूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. अय्यंगारांचे नातू रविकिरण यांनी त्याला चित्रवीणा हे नाव रूढ केले आणि शिसवी लाकडाच्या बट्ट्याऐवजी टेफ्लॉनचा बट्टा वापरला. टेफ्लॉन अतिशय गुळगुळीत असते. तारेवरची करकर टाळण्याची तळमळ तेथेही तीच होती.

येथे आकाशवाणीचा एक जुना निर्णय आठवतो. १९४० साली तिने हार्मोनियमला आपल्या स्टुडिओतून रजा दिली. मींड निघत नाही आणि श्रुती बांधलेल्या राहतात हे आक्षेप तेव्हा त्या वाद्यावर होते, आणि ही बंदी सुमारे तीस वर्षे राहिली. निर्णय बरोबर की चूक ह्यावर अजून वाद घालता येईल. आक्षेपामागचे तत्त्व मात्र खरे होते, आणि रेझोनेटर गिटारपुढे ते वेगळ्या रूपात उभे राहते. तिच्या मानेवर पडदे असतात. ते हार्मोनियमच्याच समान अंतरांच्या सप्तकावर बांधलेले असतात. बट्टा नेमका पडद्याच्या डोक्यावर धरावा, दोन पडद्यांच्या मध्ये नव्हे, हा पहिला धडा योग्यच आहे. पण पंचवीस इंची तारेवर षड्जाशी जुळणारा शुद्ध गांधार पडद्याच्या सुमारे चार मिलिमीटर अलीकडे, खुंट्यांच्या बाजूस, असतो. पंचमाला हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे नसल्यासारखाच. जो डोळ्याने वाजवितो त्याचा पंचम बरोबर लागतो आणि गांधार सतत चढा राहतो. मग तो म्हणतो, वाद्य बेसूर आहे. धातूचा शंकू ही चार मिलिमीटरची चूक मोकळ्या तारांच्या निनादाशी घासून मोठ्याने जाहीर करतो. लाकडी गिटार ती थोडीशी झाकून नेते.

भारतीय वादकांनी तरीही शंकू का नाकारला, ह्याचे कारण आणखी निराळे आहे. शंकू तारेची शक्ती झपाट्याने हवेत उधळतो. स्वर मोठा होतो आणि लवकर विझतो. आपल्या मींडेला आस लागते. एका आघातात चार-पाच स्वर ओलांडून जाणारी मींड अर्ध्यावर विझली तर ती न घेतलेली बरी. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर, माणिकराव पोपटकरांच्या तबल्यावर, जी गिटार वाजविली ती लाकडाची. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली, म्हणजे विझणारा स्वर दुसऱ्या तारांनी उचलून धरावा. ही निवड आलापासाठी योग्यच होती.

रेझोनेटरला आपले घर मिळाले ते द्रुत वादनात. १९५५ साली अमेरिकेत जॉश ग्रेव्ह्ज यांनी फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या वाद्यवृंदात बॅन्जोची तीन बोटांची चाल ह्या गिटारवर आणली; तेथे लवकर विझणे हाच गुण ठरला, कारण एक स्वर दुसऱ्याच्या वाटेत येईनासा झाला. तिच्यावर राग वाजवू पाहणाऱ्याने मींड दोन-तीन स्वरांपुरती आखूड ठेवावी, बट्टा चालू असतानाच दुसरा हलका आघात द्यावा, आणि प्रत्येक स्वर संपविताना क्रम चुकवू नये: बट्टा उचलण्याआधी मागची बोटे तार धरतात, उजवा तळवा टेकतो, आणि तार पूर्ण गप्प झाल्यावरच पोलाद तिच्यावरून उठते.