उंबरठ्यावरून परतणारे गिऱ्हाईक



  विलायतेतील आपल्या व्यवसायबंधूंच्या संमेलनात अध्यक्षाने वर्षभराच्या व्यापाराचा आढावा घ्यावा असा आपला रिवाज आहे. परंतु भाडी, विजेचे दर, नोकरांचे पगार आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून देण्याच्या वेपवर सबंध ब्रिटनमध्ये आलेली बंदी, या सर्वांची कैफियत चिटणिसांच्या छापील अहवालात आहे आणि तो अहवाल आपल्या हाती आहे. त्या आढाव्याचा वेळ मी आपल्या अनुमतीने दुसऱ्या एका गोष्टीला देणार आहे. गेली दहा वर्षे ती माझ्या मनात सलते आहे. साठी उलटलेला, चाळीस-पन्नास वर्षे सिगारेट ओढलेला जो माणूस, त्याच्यासाठीच खरे म्हणजे वेपचे दुकान असायला हवे. आणि नेमका तोच आपल्या दुकानाच्या उंबरठ्यावरून परत जातो. तो परत जातो, हा दोष त्याचा नव्हे, आपला आहे.

१९८८ साली मी या लेस्टर शहरात वर्तमानपत्रे, दूध आणि सिगारेट यांचे कोपऱ्यावरचे एक दुकान घेतले. सकाळी सहाला शटर वर गेले की पहिले गिऱ्हाईक म्हणून होजिअरीच्या कारखान्यात काम करणारे एक इंग्रज गृहस्थ येत. त्यांना काही मागावे लागत नसे; ते दार ढकलून आत येईपर्यंत त्यांचे वर्तमानपत्र आणि वीस सिगारेटचे पाकीट गल्ल्यावर मांडलेले असे. गल्ल्याशेजारी हातांची एक लाकडी खुर्ची होती, तिच्यावर ते पाच मिनिटे बसत, घोड्यांच्या शर्यतींचे पान वाचत आणि कामावर जात. पुढे कारखाना बंद पडला, पत्नी वारली, तरी त्यांचा हा क्रम चुकला नाही. पंचवीस वर्षांत नऊ हजारांवर पाकिटे मी माझ्या या हातांनी त्यांच्या हातात ठेवली, आणि त्यांचा खोकला पहिल्या वर्षी कसा होता व शेवटच्या वर्षी कसा झाला, हे त्यांच्या डॉक्टरांच्या खालोखाल मलाच ठाऊक होते.

२०१४ साली ते दुकान विकून मी वेपचे दुकान काढले, तेव्हा माझ्या मनात पहिले गिऱ्हाईक म्हणून तेच होते. ते आलेही. मी मागच्या खोलीत माल मोजत होतो. बाहेर माझा बावीस वर्षांचा मदतनीस होता. मुलगा स्वभावाने सालस, कामाला चोख. दुकानात मोठ्याने संगीत चालू होते, निळे दिवे होते, भिंतभर रंगीबेरंगी बाटल्या होत्या. मुलाने त्यांना विचारले, झुरका आधी तोंडात घेणार की एकदम छातीत, कॉइल किती ओमची हवी, निकोटीन किती मिलिग्रॅमचे हवे. पंचवीस वर्षे ज्या माणसाला तोंडातून शब्द काढावा लागला नव्हता, त्याला आम्ही दोन मिनिटांत तीन प्रश्न घातले, आणि त्यांतल्या एकाचेही उत्तर त्याला देता येणार नाही असे घातले. ते टोपी हातात घेऊन क्षणभर उभे राहिले, विचार करून येतो म्हणाले आणि वळले. मी बाहेर आलो तेव्हा दारातून निघणारी त्यांच्या कोटाची पाठ मला दिसली. मी हाक मारली. संगीताच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नाही. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर ते मला दिसले, हातात पाकीट होते. दोन हिवाळ्यांनंतर ते फुप्फुसाच्या विकाराने वारले. वेपने त्यांचे प्राण वाचलेच असते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु विष विकताना ज्यांना मी खुर्ची दिली, त्यांना सुटकेचा मार्ग विकताना मी उभे ठेवले, एवढे मात्र मला नाकारता येत नाही.

या वयात सिगारेट सोडून काय मिळायचे, असे गिऱ्हाईक म्हणते, आणि दुर्दैवाने आपल्यातील काही बंधूही म्हणतात. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच धूम्रपानाची नोंद ठेवण्यास आरंभ केला आणि तिचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. जन्मभर ओढणारा माणूस सरासरीने सुमारे १० वर्षे आधी जातो. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ती जवळजवळ सर्व परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे ६, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालासुद्धा सुमारे ३. नातवंडाला शाळेत पोचवणाऱ्या आजोबांना विचारा, तीन वर्षे म्हणजे काय. वेप निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने आपल्या दुकानात पाऊल टाकू नये, आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर कायद्याने आणि धर्मानेही आपले दार बंद आहे. परंतु इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली वेप हा धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक असल्याचा अंदाज दिला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तशीच दिशा दाखवली, तेव्हा ज्याची छाती धुराने भरलेली आहे त्याला या दाराशी आणणे हे आपले कर्तव्य ठरते.

म्हणून वेपच्या दुकानातही गिऱ्हाईकाला बसायला खुर्ची असावी, असे मी म्हणतो. खुर्चीने जागा अडते, असा आक्षेप त्यावर गेल्या संमेलनात आला होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील सिगारेट सोडवण्याच्या ज्या प्रयोगाचा आपण सारे हवाला देतो, त्यात ८८६ माणसे होती. वर्षअखेर वेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर राहिले आणि निकोटीनची पट्टी, गोळी वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. हे आकडे आपण फलकावर लावतो, आणि त्या प्रयोगात प्रत्येकाला आठवड्यातून एकदा, किमान चार आठवडे, समोर बसवून कोणीतरी समजावून सांगत होते, हे विसरतो. यंत्र आपण घेतले, समोर बसणे मात्र सोडून दिले.

दुसरा वाद निकोटीनच्या प्रमाणाचा. वृद्धांना सौम्य द्यावे, तीन मिलिग्रॅमपासून आरंभ करावा, असे कनवाळूपणाने सांगणारे बंधू येथे बसले आहेत. कायद्याने मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत मुभा असताना रोज वीस-पंचवीस सिगारेटी ओढणाऱ्याला तीनची बाटली देणे म्हणजे भुकेल्या माणसाला भाताचे शीत देण्यासारखे आहे. माझ्याकडे एक निवृत्त बसचालक येत. दोन ठिकाणी त्यांना तीनची बाटली मिळाली होती आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत ते पाकिटाकडे वळले होते. मी त्यांना अठराची दिली, आणि दुसरी एक गोष्ट दिली जी बाटलीवर छापलेली नसते. सिगारेटचा झुरका आखूड आणि जोराचा असतो, वेपचा संथ आणि लांब घ्यावा लागतो. जोराने ओढला की घसा धरतो, खोकला येतो, आणि माणूस समजतो की हे आपल्याला सोसत नाही. नवी कॉइल बसवली की तिच्यातला कापूस भिजेपर्यंत पाचदहा मिनिटे थांबावे लागते, नाहीतर पहिलाच झुरका जळका येतो. बसचालक ती दहा मिनिटे माझ्यासमोर बसून राहिले. आज चार वर्षे त्यांनी सिगारेट शिवलेली नाही.

आणि झाकणे. दहा मिलिलिटरच्या बाटलीचे झाकण दाबून फिरवावे लागते, कारण ते लहान मुलाला उघडता येऊ नये असा कायदा आहे, आणि तो योग्य आहे; निकोटीन लहान मुलाच्या पोटात गेले तर अनर्थ होईल. परंतु संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंनी एकदा कापडी पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा त्या झाकणावर दातांच्या खुणा होत्या. एकदा वापरून फेकण्याचे वेप होते तोवर त्यांची अडचण नव्हती. बंदी आली आणि भरण्याचे काम त्यांच्या बोटांवर आले. आता दर गुरुवारी त्या येतात, मी त्यांच्या तीन टाक्या भरून देतो आणि इतर ज्यांना परवडते त्यांना आयत्या भरलेल्या पॉडची तजवीज करून देतो. या कामाला मी पैसे घेत नाही. ज्या बंधूंना हा वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनी एकदा स्वतः ते झाकण दाताने उघडून पाहावे.

येथे औषधविक्रेते बंधूही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. दमेकऱ्यांपैकी काही थिओफिलीन घेतात. सिगारेटचा धूर थांबला की त्या औषधाचा निचरा शरीरात मंदावतो आणि पूर्वीचीच मात्रा जास्त होऊ शकते; हा परिणाम धुराशी निगडित आहे, निकोटीनशी नव्हे. तेव्हा वृद्ध गिऱ्हाईक सिगारेट सोडू लागले की डॉक्टरांना कळवा असे सांगणे आपल्या दोन्ही पेशांचे सामाईक काम आहे. तसेच आपली मंडळी हिवाळ्यात मायदेशी जातात. भारतात २०१९ पासून वेपचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण यांना मनाई आहे; यंत्र सोबत नेऊ नका आणि त्या दोन महिन्यांसाठी पट्टीची सोय आधीच करा, हे त्यांना तिकीट काढण्यापूर्वी सांगितले पाहिजे, नाहीतर माणूस गावच्या पारावर बसून पुन्हा बिडी पेटवतो. माझ्या थोरल्या मावसभावाचे कराडला असेच झाले.

यापुढे काय करावे, याचा विस्तार करायला वेळ उरलेला नाही. मोठ्या अक्षरांतले एक पत्रक मराठीत, गुजरातीत आणि इंग्रजीत निघावे, त्यात ओम हा शब्द नसावा. दुपारी दोन तास संगीत बंद ठेवावे. पायरी असेल तेथे फळी टाकावी. यासाठी एक छोटी समिती असावी असे माझ्या मनात आहे, तिची नावे कार्यकारिणीने ठरवावीत.

त्या होजिअरीच्या कारखान्यातील गृहस्थांच्या अंत्यविधीहून परतल्यावर मी माझ्या जुन्या दुकानाच्या नव्या मालकाकडे गेलो. दुकान विकताना ती हातांची खुर्ची मी फळ्या आणि कपाटे यांच्याबरोबर तेथेच सोडली होती. त्यांनी ती पाठीमागे खोक्यांखाली ठेवली होती. मी ती मागून घेतली. ती आता माझ्या वेपच्या दुकानात दारापासून चार पावलांवर आहे, आणि गुरुवारी त्या बाई तिच्यावर बसतात.

पहिला ठराव मांडण्यासाठी चिटणिसांनी पुढे यावे.