ग्रंथपाल आणि प्रेमकथेचा वाचक

सायंकाळीं ग्रंथालयाचें दार उघडतें. देवघेवीच्या टेबलाशीं एक गृहिणी हातांतील कादंबरी परत करते आणि हलक्या आवाजांत म्हणते, "अशीच दुसरी एखादी द्या." श्रोत्यांपैकीं अनेकांनीं हें दृश्य पाहिलें असेल. त्या 'अशीच' या शब्दांत काय सांठलें आहे, तें ओळखण्यांत ग्रंथपालाची सारी विद्या कसास लागते. कित्येक ठिकाणीं मात्र या मागणीला उत्तर मिळतें तें उंचावलेल्या भुवईचें. बाईंना ती भुवई दिसते. पुढील महिन्यापासून वर्गणी येईनाशी होते, आणि तिचें कारण कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहीं.

हा नाराजीचा सूर जुना आहे. मराठी कादंबरी बाल्यावस्थेंत असतांनाच, १८६१ सालीं, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. त्यांतील अद्भुतावर टीका झाली; वाचकांनीं तीं पुस्तकें वाचलींच. पुढें ना. सी. फडके यांच्या नायक-नायिकांनीं दोन पिढ्यांना वेड लावलें. चंद्रकांत काकोडकर यांच्या 'शामा' या कथेवर तर खटला झाला. ती १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकांत प्रसिद्ध झाली होती. उच्च न्यायालयानें दोषी ठरविलेल्या या लेखकास सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं निर्दोष सोडलें. त्याच वर्षीं त्यांच्या 'निलांबरी' कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. न्यायालयांतील निकाल लागला. देवघेवीच्या टेबलावरील खटला मात्र अजून चालू असल्यासारखा दिसतो.

वस्तुतः या प्रश्नाचा विचार जाणत्यांनीं केव्हांच केलेला आहे. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठीं १८५२ सालीं तयार झालेल्या अहवालांत जॉर्ज टिकनर यांचा आग्रह असा होता कीं, लोकांना आवडणाऱ्या पुस्तकांच्या अनेक प्रती घ्याव्या, म्हणजे एकाच वेळीं अनेकांना तीं वाचतां येतील. आपल्याकडे रंगनाथन् यांनीं मद्रासमध्यें १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. त्यांतील दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचें पुस्तक मिळवून देण्याचा. 'त्याचें' म्हणजे ग्रंथपालाच्या पसंतीचें नव्हे, हें येथें ध्यानांत घ्यावयास हवें.

तर मग तें ओळखावें कसें? अमेरिकेंतील डाउनर्स ग्रोव्ह येथील ग्रंथपाल जॉइस सॅरिक्स व त्यांच्या सहलेखिका नॅन्सी ब्राउन यांनीं १९८९ सालच्या पुस्तकांत याची पद्धत सांगितली आहे. पुस्तक कशाविषयीं हवें, एवढेंच विचारून भागत नाहीं. आवडलेल्या पुस्तकांतील काय भावलें, तें वाचकाच्या तोंडून ऐकावें. कथा झपाट्यानें पुढें जाणारी होती कीं संथ? माणसें मनांत राहिलीं कीं प्रसंग? भोंवतालचें वातावरण कसें होतें? दोन वाचक एकच कादंबरी वाखाणतात, परंतु एकीला त्यांतील लाडिक संवाद हवे असतात, तर दुसरीला सासरच्या घुसमटींतून वाट काढणारी नायिका. पहिलीला फडके द्यावे. दुसरीला सुमती क्षेत्रमाडे यांची 'महाश्वेता' दाखवावी.

सर्वांत नाजूक प्रश्न शेवटाचा. प्रेमकथेचा नित्य वाचक बहुधा एक अट मनाशीं धरून येतो: अखेरीस दोघांचें मीलन व्हावें. ही अट पोरकट म्हणून हंसण्याजोगी नाहीं. दिवसभर इतरांच्या दुखण्याखुपण्यांत गेलेल्या माणसाला रात्रीं तासभर हमखास गोड शेवट हवा असेल, तर त्यांत उणें तें काय? येथें चांगले ग्रंथपालही चुकतात. वाचकाची 'अभिरुचि वाढावी' या हेतूनें ते रणजित देसाई यांची 'स्वामी' पुढें करतात. माधवराव आणि रमाबाई यांच्या अनुरागाची ती कथा उत्तमच आहे. पण तिचा शेवट थेऊरला, मृत्यूंत आणि सती जाण्यांत होतो. तें आधीं न सांगतां तें पुस्तक दिलें, तर वाचकाला फसविल्यासारखें वाटतें. सांगून दिलें, तर तोच वाचक कदाचित् आवडीनें नेतो.

या कथांपैकीं कित्येक सुमार असतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. मुद्रणदोष तर विचारूंच नयेत! (सुमार तत्त्वज्ञानाचे ग्रंथही त्याच ग्रंथालयांत सुखानें धूळ खात असतात, त्यांना कोणी बोल लावीत नाहीं.) परंतु चांगली प्रेमकथा व सुमार प्रेमकथा यांतील भेद सांगावयाचा, तर आधीं दोन्ही वाचलेल्या असाव्या लागतात. महिन्याकांठीं अशी एक कादंबरी ग्रंथपालानें स्वतः वाचावी, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

पुस्तक परत येतें तेव्हां "वाचलें का?" असें विचारणें व्यर्थ आहे; शेवट मनासारखा झाला का, असें विचारावें. मिळेल तें उत्तर पुस्तकाच्या नांवापुढें एका साध्या वहींत टिपून ठेवलें, म्हणजे दुसरी कोणी बाई 'अशीच एखादी' मागावयास येते तेव्हां तें पान उघडतां येतें.