वार्धक्य, आहार आणि रोगप्रतिकार
(व्याख्यानाचा मजकूर)



घरातील वृद्धास पावसाळ्यात साधा खोकला जडला, तरी मंडळी धास्तावतात. तरुणपणी चार दिवसांत हटणारे दुखणे उतारवयात महिनाभर रेंगाळते. गोठ्यातल्या थकलेल्या बैलाची किंवा प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या उंदराची गतही फारशी निराळी नसते.

असे का व्हावे? छातीच्या पिंजऱ्यात, हृदयाच्या वरच्या अंगास एक ग्रंथी असते. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या ‘टी’ पेशी तेथे तयार होतात. वय वाढते तशी ती आक्रसत जाते. मराठी परिभाषेने तिला ‘यौवनलोपी’ असे समर्पक नाव दिले आहे. दुसरी झीज आवरणांची. पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवतात, त्या व्यवहारात मुक्त मूलके नावाचे चंचल घटक निर्माण होऊन पेशींच्या स्निग्ध आवरणास इजा करतात. ही इजा साचत गेल्याने वार्धक्य येते, अशी उपपत्ती डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडली. वार्धक्याचे संपूर्ण उत्तर म्हणून ती आज स्वीकारली जात नाही. परंतु पुढील संशोधनास तिने दिशा दिली. गंमत अशी की, जंतूंना मारण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी असेच दाहक घटक मुद्दाम निर्माण करतात. तेव्हा त्यांचा समूळ नायनाट करणे शरीरास परवडणारे नाही.

या इजेला आवर घालणाऱ्या अन्नघटकांत ई जीवनसत्त्व प्रमुख होय. १९२२ साली हर्बर्ट इव्हान्स व कॅथरिन बिशप यांना उंदरांच्या प्रजननाचा अभ्यास करताना त्याचा शोध लागला. ते स्निग्धांशात विरघळते आणि पेशीच्या आवरणातच ठाण मांडून बसते.

बोस्टनच्या टफ्ट्‌स विद्यापीठातील सिमिन मेदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षे वयाच्या, म्हणजे म्हाताऱ्याच म्हणावयाच्या उंदरांना त्यांनी सहा आठवडे ई जीवनसत्त्वयुक्त खाद्य दिले. एका गटास दर किलो खाद्यात ३० मिलिग्रॅम, तर दुसऱ्यास ५००. दुसऱ्या गटाचा प्रतिकार सुधारला. कारणही हाती लागले. उतारवयात महाभक्षी पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य जास्त स्रवतात व ते ‘टी’ पेशींना दाबून टाकते. ई जीवनसत्त्वामुळे हा स्राव घटला. पुढे इन्फ्लुएन्झाची लागण केलेल्या म्हाताऱ्या उंदरांच्या फुप्फुसांतही अशा खाद्याने विषाणूंचे प्रमाण कमी आढळले.

मग माणसांचे काय? १९९७ साली पासष्टीपुढील ८८ निरोगी व्यक्तींवरील २३५ दिवसांची चाचणी प्रसिद्ध झाली. रोज ६०, २०० व ८०० मिलिग्रॅम अशा मात्रांपैकी सर्वांत चांगला प्रतिसाद मिळाला तो २०० ला. ८०० ला नव्हे. जास्त म्हणजे चांगले, हा हिशेब येथेच चुकला.

आणि प्रयोगशाळेतील मोजमाप सुधारले म्हणजे आजार टळला, असेही नव्हे. नेदरलँड्‌समधील ६५२ वृद्धांच्या चाचणीत (२००२) रोजच्या २०० मिलिग्रॅमने श्वसनमार्गाचे विकार कमी झाले नाहीत. उलट ज्यांना ते झाले, त्यांना ते अधिक तीव्र झाले. बोस्टन परिसरातील वृद्धाश्रमांतल्या ६१७ जणांच्या वर्षभराच्या चाचणीत (२००४) सर्दी होणारे थोडे कमी झाले. फुप्फुसापर्यंत जाणाऱ्या आजारांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. गोळीच्या बाटलीवरील जाहिरात वाचताना हे दोन निष्कर्ष ध्यानात असलेले बरे.

आहाराची गोष्ट वेगळी. करडई व सूर्यफुलाचे तेल, शेंगदाणे, बदाम यांत ई जीवनसत्त्व असते. आवळा व पेरू यांतून क जीवनसत्त्व मिळते. दात नसलेल्या आजोबांना शेंगदाणे चावत नाहीत, त्यांना कूट घातलेली भाजी चालते. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो; अशा वृद्धांना डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सुरू करू देऊ नये.