पन्नास दिवसांचा ईस्टर

ईस्टर एका रविवारी संपत नाही. येशूच्या पुनरुत्थानाचा हा आनंदकाळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, ५० दिवस चालतो. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री मुंबईतल्या अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या चर्चमध्ये दिवे मालवतात, पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटते आणि तिची ज्योत हातोहात सर्वांपर्यंत पोचते.

ही ज्योत रोजच्या जगण्यात कशी न्यायची, हे आपल्या उपनगरांनीच दाखवलं आहे. १९६२ साली येशूसंघीयांनी (जेझुइटांनी) सुरू केलेल्या अंधेरीच्या ‘स्नेहसदन’ने रेल्वे फलाटांवर वाढणाऱ्या मुलांना घर दिलं, मायेची माणसं दिली. १९८६ साली वांद्र्यात ‘शांती अवेदना सदन’ उभं राहिलं. बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी भारतातलं हे पहिलं शुश्रूषागृह. तिथे जात-धर्म न पाहता, विनामूल्य वेदना शमवल्या जातात. मरण टळत नाही, पण माणूस एकटा पडत नाही.

मरणापेक्षा प्रेम मोठं, ही पुनरुत्थानाची श्रद्धा. ती जगण्यासाठी मोठी संस्थाच हवी असं नाही. शेजारच्या आजारी आजींची चौकशी करा, दुरावलेल्या भावाला फोन करा. सुरुवात आजच होऊ शकते.