अल्पशिक्षित तरुण, बेकारी आणि आपल्या मंडळाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आताच आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. त्या मुलामुलींचे आणि त्यांच्या मातापित्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. तथापि ज्यांची नावे या व्यासपीठावरून कधीच पुकारली जात नाहीत, अशाही काही मुलांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षमहाशयांकडे मागितली आणि त्यांनी ती उदारपणे दिली. कोणी दहावीत अडखळला, कोणाची आठवी-नववीतच शाळा सुटली, आणि आज ज्यांच्या हातांस काम नाही, अशी ही मुले आहेत. त्यांपैकी फारच थोडी या सभागृहात असतील. ती का आली नाहीत, हे आम्हांस ठाऊक आहे. कारण एके काळी आम्हीही आलो नव्हतो.

१९७६ साली आम्ही दहावीस बसलो आणि गणित व इंग्रजी या दोन विषयांत नापास झालो. पुन्हा बसण्याची ऐपत नव्हती आणि खरे सांगावयाचे तर उमेदही नव्हती. वडील गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या शब्दावर दोन वर्षांनी आम्ही त्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. बदली कामगार म्हणजे काय, हे आजच्या पिढीस सांगावे लागेल. रोज सकाळी पाळीच्या आधी दारावर जाऊन उभे राहावयाचे. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळावयाचे, नाही तर तसेच घरी परतावयाचे. महिन्यात कधी पंधरा दिवस भरत, कधी वीस.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मागे असा कधी घेतला गेलाच नाही. काही गिरण्या पुढे सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत, आणि बदल्यांना तर कोणी विचारले नाही. वडिलांचा आणि आमचा, असे घरातले दोन्ही पगार एकाच दिवशी बंद झाले. त्या पावसाळ्यात आम्ही गावी जाऊन दुसऱ्यांच्या शेतांवर लावणीची मजुरी केली आणि दसऱ्यानंतर परत मुंबईस आलो. पुढचे सहा महिने रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होतो. आई समजे, मुलगा काम शोधतो आहे. पहिले काही आठवडे ते खरेही होते. नंतर आम्ही एखाद्या बागेत बसून डबा खात होतो आणि दिवे लागल्यावर घरी परतत होतो.

त्या वर्षीचे आपल्या मंडळाचे संमेलन असेच थाटात झाले. आम्ही सभागृहासमोरच्या पदपथावर बराच वेळ उभे राहिलो आणि आत न येताच परत गेलो. कारण एवढेच की, आत गेल्यावर जो तो विचारणार होता, "काय रे, सध्या काय करतोस?" प्रश्न प्रेमाचाच असतो. परंतु ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याला तो सोसत नाही.

संमेलनानंतर आठवड्याभराने मंडळाचे एक वयोवृद्ध कार्यकर्ते आमच्या चाळीत आले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. आम्ही आलो नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, "बाळा, तुला काय काय येते?" आम्ही म्हणालो, "काका, मी दहावी नापास आहे." ते म्हणाले, "ते मी विचारले नाही. येते काय, ते सांग." मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे जुने पान त्यांनी काढले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहावयास घेतले. साच्यावर तुटलेला धागा सांधता येतो. यंत्राला तेल घालता येते. मोटारीचा पट्टा बदलता येतो. आई गावमंडळाच्या खोलीतल्या बारा माणसांना जेवण घालीत असे, त्या खानावळीचा जमाखर्च लिहिता येतो. अक्षर स्वच्छ आहे. सायकल चालविता येते. हिंदी बोलता व वाचता येते. एकंदर अकरा गोष्टी झाल्या. शाळेने आम्हांस दोन विषयांत नापास असे लिहून दिले होते; काकांनी अकरा गोष्टींत पास असे लिहून दिले.

त्यांनी आम्हांस कोणाच्या नावे चिठ्ठी दिली नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यापर्यंत लोकलने व तेथून एस.टी.ने ते स्वतः आमच्याबरोबर भिवंडीस आले. गिरणगावातले पुष्कळ कामगार त्या काळी भिवंडीच्या यंत्रमागांवर जात होते. तेथे मागांवर आधीच गर्दी होती. म्हणून काकांनी यादीतल्या "मोटारीचा पट्टा" या ओळीवर बोट ठेवले आणि यंत्रमागांच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करणारी दुकाने आम्ही पालथी घातली. पाच ठिकाणी नकार मिळाला. सहाव्या दुकानातले उस्ताद म्हणाले, "महिनाभर ये. जमले तर राहा." रोज आठ रुपये ठरले. बदलीच्या दिवसाला मिळत असे त्याहून ते पुष्कळच कमी होते.

जळलेल्या मोटारीतील तांब्याची जुनी गुंडाळी काढावयाची, तिचे वेढे मोजावयाचे, तितक्याच जाडीच्या नव्या तारेचे तितकेच वेढे घालावयाचे आणि व्हार्निश देऊन सुकवावयाचे, हे ते काम. वेढे चुकले की मोटार पुन्हा जळते. उस्तादांना लिहितावाचता येत नव्हते. सारे हिशेब तोंडी होते. आम्ही एक वही घातली आणि प्रत्येक मोटारीचे वेढे व तारेची जाडी तीत टिपून ठेवू लागलो. तीच मोटार वर्षाने परत आली तर मोजणी पुन्हा करावी लागत नसे. त्या वहीमुळे आम्ही त्या दुकानात कायम झालो. नापास मुलाच्या स्वच्छ अक्षराला बाजारात किंमत आहे, हे आम्हांस तेथे कळले. पुढे रात्रीचा अभ्यास करून आम्ही वायरमनची सरकारी परीक्षा दिली. आज आमचे स्वतःचे लहानसे दुकान आहे. हे सांगण्यात बढाई नाही. काकांसारखी माणसे आज आपल्यात किती आहेत, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

आता तरुण मित्रांनो, तुमच्याशी थोडे बोलतो.

पहिली गोष्ट, घरात खरे सांगा. काम गेले तर त्याच दिवशी सांगा. आम्ही सहा महिने लपविले. त्या सहा महिन्यांत घरखर्च पूर्वीप्रमाणेच चालू राहिला आणि वाण्याची उधारी वाढली. आईला आधी कळते, तर तिने हात आधी आखडता घेतला असता. बेकारी हे पाप नव्हे. काम मागणे ही भीकही नव्हे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव भागात १९६५ साली ज्या रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला, तिचा महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला. मागेल त्याला काम, हे तत्त्व आपल्याच राज्याने असे कायद्यात लिहिले. मग तुम्ही मान खाली का घालावी?

दुसरी गोष्ट, आपली यादी करा. "मला काही येत नाही" असे म्हणणाऱ्या मुलाने एक संध्याकाळ कागद घेऊन बसावे. जवळ एखादे वडीलधारे माणूस असावे, कारण स्वतःच्या हातचे कौशल्य स्वतःला दिसत नाही. मग त्या यादीतील एकेका ओळीपाशी थांबून, हे काम कोठे चालते, असा विचार करावा आणि सकाळच्या वेळी तेथे समक्ष जावे. नकार आला तर नमस्कार करून, पुन्हा केव्हा येऊ, एवढे विचारून निघावे.

तिसरी गोष्ट, शिक्षणाचे दार बंद झाले असे समजू नका. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीस खासगीरीत्या बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील काही अभ्यासक्रम दहावी नापासांनाही खुले आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यामुळे कारखान्यात काम शिकताना विद्यावेतन मिळण्याची सोय झाली. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी, गवंडी अशा अठरा परंपरागत व्यवसायांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखापर्यंत व पुढे दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद करण्यात आली. घरच्या धंद्याची लाज वाटून ज्यांनी तो सोडला, त्यांनी याचा शांतपणे विचार करावा.

चौथी गोष्ट सावधगिरीची. नोकरी लावून देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्याजवळ नोकरी नसते. हल्ली दूरध्वनीवर संदेश येतात, नोंदणीचे शुल्क भरा म्हणून सांगतात. ते भरू नका. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या स्वाधीन करू नका. घरपोच सामान पोचविण्याचे काम आज पुष्कळ मुले करतात. ते प्रामाणिक काम आहे. परंतु हाती आलेल्या रकमेतून पेट्रोल, गाडीचा हप्ता व दुरुस्ती वजा करून जे उरते, तीच आपली मिळकत, हे वहीत लिहून पाहावे. पुष्कळांना महिनाअखेर कळते की आपण गाडीसाठी राबलो, घरासाठी नव्हे.

आणि कोणतेही काम हलके मानू नका. मात्र काम हलके नाही म्हणून त्याचे हक्कही सोडू नका. पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले आणि १९६९ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. जे काल बाजारातले बेवारस हमाल होते, त्यांची मंडळांत नोंद होऊ लागली आणि त्यांना भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. आमच्या आईसारख्या खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या स्त्रियांजवळ कोणते प्रमाणपत्र होते? उत्तम स्वयंपाक आणि चोख व्यवहार, एवढेच. आपल्या भगिनींनीही आपली यादी करावी, अशी आमची विनंती आहे. अनेक घरांत ती पुरुषांच्या यादीहून लांब निघेल.

शेवटी मंडळास तीन सूचना नम्रपणे करतो.

एक, पुढील वर्षापासून स्मरणिकेत गुणवंतांच्या पानाशेजारी आणखी एक पान असावे. त्यावर आपल्या ज्ञातीत कोणास कोणते काम येते, याची नोंद असावी. गवंडीकाम, शिलाई, वाहन चालविणे, रुग्णाची शुश्रूषा, स्वयंपाक, काहीही असो. तेथे शिक्षणाचा रकाना नसावा.

दोन, ज्या सभासदांची दुकाने किंवा कारखाने आहेत, त्यांनी वर्षाला एक तरी नवखा मुलगा अथवा मुलगी हाताखाली घ्यावी आणि काम शिकवावे. तो आपल्याच ज्ञातीचा असावा, असा आग्रह धरू नये. आमचे उस्ताद आमच्या ज्ञातीचे नव्हते, आमच्या धर्माचेही नव्हते. त्यांनी तो विचार केला असता तर आम्ही आज या व्यासपीठावर नसतो. आपल्या मुलांना इतरांनी घ्यावे असे वाटत असेल, तर आपले दारही इतरांस मोकळे असले पाहिजे.

तीन, संमेलनास कोण आले याची नोंद आपण ठेवतो. कोण आले नाही, याचीही ठेवावी आणि आठवड्याभरात त्यांच्या घरी जावे. जाताना उपदेश नेऊ नये. कागद आणि पेन्सिल न्यावी.

काका आज हयात नाहीत. त्यांनी लिहिलेले दिनदर्शिकेचे ते पान आमच्या दुकानात चौकटीत लावलेले आहे. गेल्या महिन्यात एक मुलगा दारात उभा राहून खाली पाहत म्हणाला, "साहेब, मी नववीपर्यंतच शिकलोय." आम्ही त्याला आत बोलाविले, स्टुलावर बसविले आणि काकांचाच प्रश्न विचारला. त्याच्या आतापर्यंत सात गोष्टी झाल्या आहेत. आठवी तो आमच्याकडे शिकतो आहे.