जिल सोब्यूलची वर्गणी



दहा हजार डॉलर भरा आणि माझ्या नव्या अल्बममध्ये माझ्याबरोबर गा. गळा बरा नसला तरी चिंता नको, रेकॉर्डिंगमध्ये ते आम्ही सांभाळून घेऊ. २००८ सालच्या जानेवारीत जिल सोब्यूल या अमेरिकन गायिकेनं आपल्या चाहत्यांपुढे असा प्रस्ताव ठेवला होता. ती स्वतः गीतं लिहायची, चाली लावायची, गिटार वाजवायची आणि गायची. दहा हजारांच्या या पायरीला तिनं नाव दिलं होतं ‘अण्वस्त्रांच्या दर्जाचं प्लुटोनियम’.

सगळ्यात खालची पायरी दहा डॉलरची. तिचं नाव ‘पैलू न पाडलेला दगड’. तेवढ्यात अल्बम डाउनलोड करून मिळणार. शंभर डॉलरला एक टी-शर्ट, आणि त्यावर छापलेलं असणार की हा इसम या अल्बमचा कनिष्ठ कार्यकारी निर्माता आहे. पाचशे डॉलर देणाऱ्याचं नाव ती गाण्यात गाणार. हजार दिले तर खास त्या माणसासाठी गाणं रचून देणार. वाटलं तर त्यानं ते घरच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर लावावं. पाच हजार देणाऱ्याच्या घरी येऊन ती मैफल करणार. हा सौदा किफायतशीर आहे, असंही तिनं तिथेच सांगून टाकलं होतं: पाहुण्यांकडून तिकीट घ्या, पैसे वसूल होतील, आधीच्या कित्येक यजमानांनी तसंच केलं आहे.

गल्लीतल्या मंडळाचं पावतीपुस्तक आपल्या चांगलं परिचयाचं आहे. सोब्यूलनं काढलेलंही तसलंच एक पुस्तक. फक्त त्यातली प्रत्येक पावती वाचताना हसू येत होतं. ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं सुमारे तीस लाख रुपये, जमवायचं तिनं ठरवलं होतं. दोन महिन्यांच्या आत ते जमले. देणारे होते पाचशेहून अधिक. त्यातून तयार झालेला अल्बम १४ एप्रिल २००९ रोजी बाहेर आला. त्याचं नाव ‘कॅलिफोर्निया इयर्स’.

चाहत्यांपुढे झोळी पसरण्याची वेळ तिच्यावर का आली, हे समजायला तिची आधीची वीस वर्षं पाहावी लागतात. सोब्यूल मूळची कोलोरॅडोतल्या डेन्व्हरची. पहिला अल्बम १९९० साली एम.सी.ए. या मोठ्या कंपनीनं काढला. निर्माता टॉड रंडग्रेनसारखा नाणावलेला माणूस, तरी अल्बम चालला नाही आणि कंपनीनं तिला नारळ दिला. मग अटलांटिक कंपनी आली. १९९५ साली तिथून निघालेल्या अल्बममध्ये ‘आय किस्ड अ गर्ल’ हे गाणं होतं. एका मुलीनं दुसऱ्या मुलीचं चुंबन घेतल्याची गोष्ट इतक्या सहज, हसतखेळत सांगणारं गाणं अमेरिकन रेडिओला नवीन होतं. काही केंद्रांनी ते लावायला नकार दिला, तरीही ते बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या विसांत पोचलं. त्याच वर्षी ‘क्लूलेस’ या चित्रपटात तिचं ‘सुपरमॉडेल’ वाजलं. दोन वर्षांनी आलेला पुढचा अल्बम खपला नाही आणि अटलांटिकनंही हात झटकले. त्यानंतर दोन छोट्या कंपन्यांनी तिचा एकेक अल्बम काढला. त्या दोन्ही कंपन्याच बुडाल्या. दोघांनी काढून टाकलं, दोघांनी दुकान बंद केलं. मंचावर हा हिशेब सांगून ती प्रेक्षकांना हसवायची.

हसवणं हा तिचा पिंडच होता. आवाज पातळ, काहीसा शाळकरी. चाल साधी, गुणगुणता येईल अशी. आणि शब्दांत मात्र चिमटा. ‘बिटर’ नावाच्या गाण्यात, आपल्याहून कमी गुणांची माणसं पुढे गेलेली पाहून आपण कडवट होऊ नये म्हणून चाललेली धडपड आहे, आणि तो कडवटपणा गाण्याच्या फटींतून बाहेर डोकावतोच. ‘हीरोज’मध्ये थोर लेखक-कलावंतांची यादी आहे आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा एकेक दुर्गुण. २००६ साली टेड परिषदेत तिनं ‘मॅनहॅटन इन जानेवारी’ हे गाणं म्हटलं. ऐन जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये छान ऊब आहे, माणसं खुशीत हिंडताहेत, आणि हे सुख पृथ्वी तापल्यामुळे मिळतंय हे ठाऊक असल्यानं मनाला चुटपुट लागली आहे, असा त्याचा आशय. हवामानबदलावर भाषण न ठोकता दोन-तीन मिनिटांत श्रोत्यालाच अपराधी करून सोडायचं, ही तिची रीत.

आता ‘कॅलिफोर्निया इयर्स’. निर्माता डॉन वॉज. बॉनी रेटला ‘निक ऑफ टाइम’साठी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, त्याचा निर्माता हाच, रोलिंग स्टोन्सबरोबरही त्यानं काम केलं आहे. वर्गणीतून झालेलं काम म्हटल्यावर घरच्या खोलीत कसंबसं उरकलेलं रेकॉर्डिंग डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही नाही. वाद्यमेळ सुटसुटीत आहे आणि गिटार-आवाजाला मोकळी जागा आहे. शब्द नीट ऐकू येतात, आणि या गायिकेच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं, कारण एक शब्द निसटला तर विनोद हुकतो.

सुरुवातीलाच ‘पाम स्प्रिंग्ज’ हे गाणं येतं. काहीतरी घडेल, आयुष्याला कलाटणी मिळेल, या आशेवर वाळवंटातल्या गावी निघालेली बाई त्यात आहे. पुढे ‘नथिंग टू प्रूव्ह’मध्ये लॉस एंजेलिसच्या संगीत-धंद्यातली चकचकीत मंडळी भेटतात, आणि चाळिशी ओलांडलेली गायिका त्यांना सांगते की आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं उरलेलं नाही. ‘स्पायडरमॅन’ हे गाणं हॉलिवूड बुलेव्हार्डवर कोळीमाणसाचा पोशाख चढवून पर्यटकांबरोबर फोटो काढून घेणाऱ्या माणसाचं आहे. एका गाण्याचं नाव तर थेट ‘लीग ऑफ फेल्युअर्स’, म्हणजे अपयशी लोकांचा संघ. यशाच्या राजधानीत राहून यशाच्या आसपास घुटमळणाऱ्या माणसांचा हा अल्बम आहे, आणि गाणारी स्वतःला त्यांच्यातलीच एक समजते.

सर्वांत रंगलेलं गाणं म्हणजे ‘व्हेअर इज बॉबी जेंट्री?’. त्याची गंमत कळायला थोडी पूर्वपीठिका हवी. बॉबी जेंट्री या गायिकेनं १९६७ साली ‘ओड टु बिली जो’ हे गाणं स्वतः लिहून गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात एक कुटुंब जेवायला बसलेलं आहे. बिली जो नावाच्या मुलानं टॅलाहॅची नदीच्या पुलावरून उडी मारून जीव दिला, ही बातमी ताटावर भाकरी-भाजी मागता-वाढताना निघते. त्याआधी कधीतरी तो आणि त्या घरातल्या मुलीसारखी दिसणारी एक मुलगी पुलावरून पाण्यात काहीतरी टाकताना कुणाला तरी दिसलेली असते. ते काय होतं, हे गाणं सांगत नाही. लोक आजही त्यावर वाद घालतात. आणि जेंट्रीनं पुढे, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, सार्वजनिक जीवनच सोडलं. मुलाखत नाही, मैफल नाही.

सोब्यूल त्याच गाण्याची चाल उचलते आणि तिच्यावर जेंट्रीचा शोध मांडते. ही बाई गेली कुठे, करते काय? ऐकणाऱ्याला वाटतं, हा एका चाहतीचा भाबडा शोध आहे. शेवटाकडे मात्र ती हळूच सांगून जाते की जेंट्री आणि बिली जो यांचं टाकून दिलेलं मूल म्हणजे मीच. चाळीस वर्षं लोकांनी डोकं खाजवलेल्या कोड्याचं उत्तर ती स्वतःकडे बोट दाखवून देते. पहिल्यांदा ऐकताना हसू फुटतं. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येतं की एकीनं आपणहून धंदा सोडला आणि दुसरीला धंदा पुन्हा पुन्हा सोडत राहिला. वारसा सांगायचाच तर सोब्यूलनं तो बरोबर जागी जाऊन सांगितला आहे.

आणि मग ‘द डोनर साँग’, देणगीदारांचं गाणं. ज्यांनी नाव गाण्यात यावं म्हणून पैसे मोजले, त्यांची नावं ती एकामागून एक घेते. कागदावर ही कल्पना कंटाळवाणी वाटते, वार्षिक अहवालातली आभारांची यादी कुणी सुरात म्हणावी तशी. प्रत्यक्षात आडनावांचा ठेका जमवताना, यमकाला शरण आणताना, लांबलचक नाव एका मात्रेत कोंबताना तिची जी तारांबळ उडते तीच ऐकण्यासारखी आहे. प्लुटोनियमची पायरीही रिकामी राहिली नाही. इंग्लंडमधल्या एका चाहतीनं ती घेतली आणि ‘मेक्सिकन फार्मसी’ या गाण्यात आवाज दिला.

पैशाची ही वाट पहिल्यांदा चोखाळणारी सोब्यूल नव्हे. मॅरिलियन या ब्रिटिश बँडच्या चाहत्यांनी १९९७ साली त्यांच्या अमेरिका दौऱ्यासाठी साठ हजार डॉलर उभे केले होते, आणि २००१ सालचा त्यांचा अल्बम बारा हजारांहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरल्यावर तयार झाला. जॅझ संगीतकार मारिया श्नायडरनं २००४ साली ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ हा अल्बम आर्टिस्टशेअर या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळामार्फत श्रोत्यांच्या पैशांतून केला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. सोब्यूलनं मधला कुणी घेतला नाही. पायऱ्या तिच्या, नावं तिची, विनोद तिचा. तिचा अल्बम आल्यावर दोनच आठवड्यांनी, २८ एप्रिल २००९ रोजी, किकस्टार्टर हे अशीच वर्गणी गोळा करणारं संकेतस्थळ सुरू झालं. तीन वर्षांनी अमांडा पामर या गायिकेनं तिथून जवळपास १२ लाख डॉलर जमवले, आणि मग दौऱ्यात स्थानिक वादकांना बिनपैशांनी बोलावलं म्हणून टीकाही ओढवून घेतली. याच कामातली प्लेजम्युझिक नावाची कंपनी तर २०१९ साली कोसळली. चाहत्यांनी दिलेले पैसे अनेक कलावंतांपर्यंत पोचलेच नाहीत.

कंपनीचा पैसा आणि चाहत्यांचा पैसा यांत फरक कसला? कंपनी जो आगाऊ पैसा देते तो कलावंताच्या मानधनातून वळता होतो. स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, जाहिरात, यांतलं बरंचसं त्याच्याच खात्यावर चढतं, आणि एवढं होऊन मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडेच राहते. अल्बम पडला तर गाणी कंपनीच्या कपाटात आणि गायक रस्त्यावर. चाहत्यांच्या पैशांत वसुली नसते, आणि मालकी सांगायला परकी कंपनीही नसते: ‘कॅलिफोर्निया इयर्स’ सोब्यूलनं आपल्या स्वतःच्या पिंको रेकॉर्ड्सतर्फे काढला.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पाचशे माणसं तिच्यासाठी खिशात हात घालायला तयार झाली, कारण १९९५ साली एका मोठ्या कंपनीनं तिचं गाणं एम.टी.व्ही.वर आणि रेडिओवर पोचवलं होतं. पेरणी कंपनीच्या पैशानं झाली, कापणी तेरा वर्षांनी गायिकेनं केली. ज्या नवख्या गायकाला कुणी ओळखतच नाही त्याला ही वाट इतकी सरळ नाही.

शिवाय मालक बदलला तरी मालक असतोच. एका साहेबाच्या जागी पाचशे आले. त्यांना जुनं आवडतं ते पुन्हा हवं असतं, वेळेवर हवं असतं, आणि टी-शर्टही हवा असतो. सोब्यूलला हे झेपलं, कारण तिनं मागतानाच आपला सूर ठरवून टाकला होता. ज्या माणसाला ‘पैलू न पाडलेला दगड’ म्हणवून घेण्यात मजा वाटली, त्यालाच अपयशी लोकांच्या संघावरचं गाणं आवडणार. मागण्याच्या तऱ्हेनंच श्रोते निवडले गेले. दीनवाणं आवाहन केलं असतं तर कदाचित तेवढेच पैसे जमले असते, पण मग अख्खा अल्बम दयेपोटी ऐकला गेला असता.

पुढेही ती आपल्याच वाटेनं गेली. २०१४ साली आलेल्या ‘डॉटीज चार्म्स’मध्ये तिनं जोनाथन लेथमसह अनेक लेखकांकडून गीतं लिहून घेतली, विषय होता एका जुन्या ब्रेसलेटला लटकवलेली छोटी छोटी पदकं. २०१८ साली ‘नॉस्टॅल्जिया किल्स’ आला. २०२२ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिनं स्वतःच्या सातवीतल्या दिवसांवर बेतलेलं संगीत नाटक केलं. १ मे २०२५ रोजी मिनेसोटा राज्यात, ती उतरली होती त्या घराला लागलेल्या आगीत तिचा मृत्यू झाला. मृत्यूच्या बातम्यांत बहुतेकांनी ‘आय किस्ड अ गर्ल’च आधी आठवलं.

म्हणून, श्रोतेहो, ‘कॅलिफोर्निया इयर्स’ मिळवून ऐकायचा असेल तर एक क्रम सुचवावासा वाटतो. आधी बॉबी जेंट्रीचं मूळ ‘ओड टु बिली जो’ ऐका, जेवणाच्या टेबलावरचे संवाद लक्ष देऊन. लगेच पाठोपाठ सोब्यूलचं उत्तर लावा. त्यानंतर ‘पाम स्प्रिंग्ज’पासून अल्बम सलग चालू द्या आणि देणगीदारांचं गाणं आलं की पुढे ढकलू नका, एखाद्या अडनिड्या आडनावापाशी ती कशी अडखळते आणि सावरते, तेवढं जरूर ऐका.